स्लो लोकलचं कॉलेज

सकाळी ६.४०

फास्ट लोकल कळव्याला थांबत नाही. डोंबिवली सोडली की ती मुंब्रा, कळवा न थांबता मागे टाकते आणि ठाण्याला उभी राहते. मुंब्रा आणि कळवा ही स्लोवाल्यांची स्टेशनं. त्यामुळे आमच्या कॉलेजात यायचं तर कोपर, दिवा, मुंब्रा करत करतच यावं लागतं. चढणं एकवेळ जमतं, पण दिव्याला आणि मुंब्र्याला आत येणाऱ्या बायकांच्या लोंढ्यातून कळव्याला खाली उतरणं ही वेगळी विद्या आहे. मुंब्रा सुटायच्या आधीच "कळवा, कळवा" असा पुकारा करत दाराकडे सरकायचं असतं. उशीर झाला की ठाणं आलंच म्हणायचं.

याच पट्ट्यात, मुंब्र्याच्या वळणाजवळ, २०२५ च्या ९ जूनला समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले. जखमींना आमच्याच रुग्णालयात आणलं होतं. त्यानंतर आईने दाराबद्दलचा उपदेश थांबवला आणि रोज पोचल्यावर मेसेज मागायला सुरुवात केली.

डब्यात पुस्तक उघडायचं नाही, हे पहिल्या वर्षीच कळतं. गर्दीमुळे नव्हे. हातात मेडिसिनचं पुस्तक दिसलं की शेजारची बाई पर्समधून थायरॉइडचा रिपोर्ट काढते. "डॉक्टरच होणार ना तू? मग सांग, हे जास्त आहे का?" मी अजून शिकतेय, माझ्याकडे नोंदणी क्रमांक नाही, औषध सांगायचा अधिकार नाही. हे समजावून सांगेपर्यंत दिवा येतं आणि दुसरी बाई गुडघ्यांचा विषय काढते.

सकाळी ७.३०

कॉलेजच्या फाटकाशी पोचते तेव्हा ओपीडीच्या केसपेपरची रांग लागलेली असते. खिडकी उघडायला अवकाश असतो, तरी माणसं असतात. ही रांग बघत बघत आत जायची मला सवय लागली आहे. चपलांना चिखल आहे तो लांबून, पहाटेची एसटी धरून आलेला. रिकामी पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं आहे तो मुक्कामाच्या तयारीने आलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच्या चार दवाखान्यांचे कागद आहेत तो सगळीकडून फिरून आलेला.

मुंबईतली जुनी सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं सगळी बेटावर आहेत. ग्रँट १८४५ चं, नायर १९२१ चं, केईएम १९२६ चं, सायन १९६४ चं. सायनच्या खाडीपलीकडे माणसं राहायला गेली, गिरण्या बंद पडल्यावर तर जास्तच गेली, पण कॉलेजं त्यांच्या मागोमाग गेली नाहीत. ठाणे महापालिकेने कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय काढलं १९९२ मध्ये. पश्चिम उपनगरात कूपर रुग्णालयाला महापालिकेचं कॉलेज जोडलं गेलं त्याला २०१५ उजाडलं. त्यामुळे आमच्याकडे रुग्ण येतो तो नुसता कळवा-मुंब्र्याचा नसतो. भिवंडी, शहापूर, मुरबाड, अगदी पालघर जिल्ह्यातलं मोखाडा, सगळ्यांचा मुंबईकडे येणारा रस्ता आधी ठाण्याला लागतो. उपनगरातलं कॉलेज म्हणून इमारत लहान समजा, बॅच लहान समजा, पण नकाशा लहान समजू नका.

सकाळी ८.००

लेक्चर. थिअरीला पंचाहत्तर टक्के आणि प्रॅक्टिकलला ऐंशी टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. हॉलमधली शेवटची रांग झोपेची, मधली मोबाइलची, पहिली लिहिणाऱ्यांची. आज सर्जरी होती, मूळव्याध. सांगण्यासारखं एवढंच.

सकाळी ९.१०

मेडिसिनचा पुरुष वॉर्ड. दिवसातला खरा वेळ हाच. आमची बॅच एका खाटेभोवती उभी राहते, एक जण केस मांडतो, सर ऐकतात. रेसिडेंट डॉक्टरांची रक्तं काढायची घाई चाललेली असते, मावशी लादी पुसत "पाय, पाय" म्हणत खाटांखालून फडकं फिरवत येतात आणि सिस्टर मोठ्याने इंजेक्शनांचा हिशेब करत असतात. या सगळ्यात छातीतला आवाज स्टेथोस्कोपने ऐकायचा.

आजची केस माझ्या सीकरच्या मित्राची. ऑल इंडिया कोट्याच्या पंधरा टक्क्यांतून आलेली मुलं मराठी शिकतात ती वॉर्डात, त्यामुळे त्यांना आजारांचं मराठी आधी येतं आणि भाजी बाजारातलं नंतर. हा आता "धाप लागते का? उताणं झोपवतं का?" असं बिनचूक विचारतो, पण रिक्षावाल्याशी अजून हिंदीतच भांडतो. आजचा रुग्ण मात्र उत्तर प्रदेशचा निघाला, तेव्हा तो खूश होता.

त्याने सुरुवात केली. नाव, वय चौतीस, पुरुष, धंदा पॉवरलूम कामगार, पत्ता भिवंडी. दोन महिने खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलं, आठवड्यापासून दम. हे सगळं पाठ म्हटल्यासारखं एका दमात. मग तपासणीकडे वळला. उजव्या बाजूला छाती ठोकल्यावर बद्द आवाज, श्वासाचा आवाज कमी. छातीत पाणी झालंय हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

सरांनी हात वर केला. "मागे ये. भिवंडीत कुठे?"

"सर, भिवंडी."

"भिवंडी हे उत्तर नाही. कुठे झोपतो?"

मागून कोणीतरी हळूच "बिसिनोसिस" म्हणालं. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. पुस्तकात कापूस आणि खोकला एका ओळीत वाचला की आमची धाव तिथेच जाते. सरांना ते ऐकू गेलं. "सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळते का, विचारलंत? नाही ना. आणि त्यात संध्याकाळी ताप कुठून आणलात? हा माणूस पिंजत नाही, विणतो. परत विचारा त्याला."

आम्ही परत विचारलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "घर का पता बोलूँ कि यहाँ का?" घर आझमगढकडचं. इथे कारखान्यामागच्या एका खोलीत. पाळी बारा तासांची. दिवसपाळीची माणसं रात्री झोपतात, रातपाळीची दिवसा, चटया त्याच. जेवण गल्लीतल्या भिस्सीत, महिन्याच्या हिशेबावर. खोलीत किती जण, हे त्याला बोटांवर मोजावं लागलं, कारण झोपेतले आणि कामावरचे वेगवेगळे मोजायचे होते. सोळा. शेजारच्या चटईवरचा खोकतो का? "वो तो गाँव चला गया, बीमार था."

सर काही वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पाणी काढून तपासायला पाठवू, टीबी असेल तर सहा महिने गोळ्या देऊ. ते पुस्तकात आहे. पण उरलेल्या पंधरा जणांना कोण बघणार? आणि गावाला गेला त्याला? ते सगळं त्या पत्त्यात होतं."

सरांचा एक खेळ आहे. राउंडला खाटेजवळ जायच्या आधी केसपेपरवरचा पत्ता, वय आणि महिना तेवढा वाचून दाखवायचा आणि आम्ही तीन आजार सांगायचे. दिवा, चाळ, तळमजला, सप्टेंबर. आम्ही म्हणतो लेप्टो, मलेरिया, डेंगी. पावसात उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून चाललेला माणूस, डोळे लाल, पोटऱ्या दुखताहेत, हा लेप्टोस्पायरोसिस आमच्या वॉर्डाचा भाद्रपदातला पाहुणा. मुरबाड, शेतमजूर, सप्टेंबर. साप, विंचू, कीटकनाशक. घोडबंदर रोड, एकोणिसावा मजला. इथे सगळे हसतात आणि ब्लडप्रेशर, साखर, युरिक अ‍ॅसिड म्हणतात. सर म्हणतात, "डेंगीसुद्धा. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या कोण बघणार? डेंगीचा डास लिफ्टने येतो."

हा खेळ मला आवडतो, पण त्यात एक धोका आहे आणि तो सरांनाही ठाऊक आहे. पत्ता ऐकून निदान ठरवून टाकलं की डोळे मिटतात. मागच्या टर्मला झोपडपट्टीचा पत्ता असलेला एक तरुण ताप आणि खोकल्याने आला, सगळ्यांनी टीबी टीबी केलं आणि शेवटी निघाला रक्ताचा कॅन्सर. त्यावर सर म्हणाले होते, पत्ता आपल्याला कुठे बघायचं ते सांगतो, काय दिसेल ते सांगत नाही.

दुपारी १२.१५

कॅन्टीन. उसळपाव, कटिंग. घरचा डबा असेल तर तो पाच जणांत फिरून रिकामा परत येतो. हॉस्टेलच्या मुलांना मेसच्या भाजीचा इतका कंटाळा आलेला असतो की आईच्या हातच्या दुधीचंसुद्धा कौतुक होतं.

दुपारी १२.५०

डिसेक्शन हॉलकडे जाऊन आले. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला माझा हाडांचा संच द्यायचा होता. अर्धा सांगाडा, कवटीसकट. हे संच वर्षानुवर्षं सीनियरकडून ज्युनियरकडे जातात. माझ्या संचातल्या मांडीच्या हाडावर कुणीतरी पेन्सिलीने स्नायू कुठे चिकटतात ते लिहून ठेवलंय, त्या अक्षराच्या मालकाला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तो बहुधा आता कुठेतरी ऑर्थोपेडिक सर्जन असेल, अक्षरावरून तरी वाटतं.

हॉलच्या दारातच फॉर्मलिनने डोळ्यांना पाणी येतं. पहिले काही आठवडे जेवताना बोटांना तोच वास येतो, मग वास जात नाही, पण नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. टेबलावरचे देह दोन वाटांनी येतात. एक देहदानाची. दुसरी बेवारस मृतदेहांची, १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार. अभ्यास सुरू करण्याआधी मुलं उभी राहून शपथ घेतात की या देहाचा मान राखू. त्याचं नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. पुढची चार वर्षं ज्यांना प्रत्येक माणसाचा पत्ता विचारायचाय, त्यांच्या पहिल्या माणसाचा पत्ता त्यांनी विचारायचा नसतो.

ज्युनियरने पिशवी घेतली आणि विचारलं, "मॅडम, कवटी लोकलमधून न्यायला चालते?" चालते, पण टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि वर मांडणीवर ठेवायची नाही.

दुपारी २.००

पीएसएम. सामुदायिक वैद्यकशास्त्र. मुलांचा सर्वांत नावडता विषय आणि पार्कचं पुस्तक सर्वांत जाड. व्यक्ती, स्थळ, काळ अशी साथरोगाची तीन अंगं इथे शिकवतात. उदाहरण नेहमीचं ठरलेलं असतं, १८५४ चं लंडन, जॉन स्नो, कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा आणि ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप.

आमच्या मॅडम त्या उदाहरणावर थांबत नाहीत, म्हणून त्यांच्या तासाला मी जागी असते. त्या मांडवीला येतात. १८९६ चा सप्टेंबर, मुंबईचं मांडवी बंदर, धान्याची कोठारं, मेलेले उंदीर. अकासिओ व्हिएगस नावाचा मूळ गोव्याचा डॉक्टर तिथल्या रुग्णांच्या घरी जाऊन बघतो, काखेत-जांघेत गाठी बघतो आणि सांगतो, हा प्लेग आहे. त्याने हे निदान ओपीडीत बसून केलेलं नव्हतं. घरात गेल्यावर केलं. पुढच्या वर्षी हाफकिनने प्लेगची लस केली ती याच शहरात.

आणि मग त्या आणखी जवळ येतात, रायगड जिल्ह्यात. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते तेव्हा लाल विंचू चावलेली मुलं हृदय थकून, फुफ्फुसात पाणी होऊन दगावत होती. त्यांनी खाटेशेजारी बसून नोंदी केल्या आणि ब्लडप्रेशरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर वापरलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मॅडमचं म्हणणं असं की हे संशोधन केईएममध्ये होणंच शक्य नव्हतं. परळला विंचू किती चावतो?

साडेतीनला फील्ड. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक दिलेली असतात, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात राहायचं. कागदावर ही योजना सरकारी वाटते आणि बरेच जण जर्नल एकमेकांचं बघून भरतात. माझं एक कुटुंब पारसिकच्या डोंगराच्या उतारावरच्या चाळीत आहे. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. आजींचं ब्लडप्रेशर कधी आवाक्यात, कधी नाही. गोळ्या फुकट मिळतात, त्या घेतात असंही सांगतात. आज डबीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं, एक दिवसाआड घेतात.

"का हो आजी?"

"अगं, गोळ्या संपल्या की आणायला जायला लागतं. दवाखाना सकाळचा, पाणी पण सकाळचंच. पाणी सोडून जाऊ का गोळ्यांला?"

हे कुठल्याही फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात नाही. उतारावरच्या चाळीत पाणी ठरावीक वेळेला येतं आणि हंडे भरायला घरात आजीच असते, म्हणून तिचं ब्लडप्रेशर वाढतं. शेजारच्या आशाताईंशी बोलून महिन्याच्या गोळ्या घरपोच करायचं ठरलं. आजींनी मग माझी चौकशी सुरू केली. "तू कुठली?" डोंबिवली. "माहेर का सासर?" माहेरच. "मग बरंय."

संध्याकाळी ५.३०

लायब्ररी. इथे दोन जाती आहेत. एक विद्यापीठाच्या परीक्षेसाठी वाचणारी, दुसरी नीट पीजीसाठी. दुसऱ्या जातीच्या कानात इअरफोन आणि समोर टॅबवर कोचिंगच्या अ‍ॅपमधलं लेक्चर दुप्पट वेगाने पळत असतं. दोनशे प्रश्न, आठशे मार्क, चुकीला एक वजा. त्यावर पुढची सगळी शाखा ठरते, म्हणून त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मीही रोज पन्नास प्रश्न सोडवते.

पण एमसीक्यूतला रुग्ण विचित्र असतो. "एक चौतीस वर्षांचा पुरुष दोन महिन्यांच्या खोकल्याने आला." कुठून आला? कशाने आला? सोबत कोण? काही नाही. त्याची सगळी लक्षणं त्याला पाठ असतात आणि तो ती योग्य क्रमाने सांगतो. चार उत्तरांतलं एक बरोबर असतं. आमच्या वॉर्डातला माणूस "सगळं अंग दुखतंय" एवढंच सांगतो, आणि ते खरं असतं. ज्या परीक्षेने आमचं आयुष्य ठरतं तिथल्या रुग्णाला पत्ता नाही, आणि ज्यांना आम्ही बघणार त्यांच्याकडे बहुतेक वेळा पत्त्यावाचून सांगण्यासारखं फार काही नाही. ही दोन शिक्षणं एकाच डोक्यात घालायची तर संध्याकाळी डोकं दुखतंच.

रात्री ८.३०

आज आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे, म्हणून घरी जायचं नाही. मैत्रिणीच्या खोलीवर मुक्काम. मेसमध्ये पिवळं वरण, भात, बटाटा. जेवताना इंटर्न सीनियर्सचा विषय एकच, बाँड. महापालिकेच्या आणि सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभराची बंधपत्रित सेवा करायची. कुठलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळेल, तिथे क्वार्टर आहे का, रेंज आहे का, नीटचा अभ्यास होईल का. एक सीनियर मोखाड्याचं नाव घेतल्यावर म्हणाला, "मग तिथून इथे पेशंट रेफर करेन आणि स्वतःच त्यांच्यासोबत येईन." सगळे हसले. त्याला खरंच तिथे जायचंय की काय अशी मला शंका आहे, कारण त्याने बसचं वेळापत्रक पाहून ठेवलंय.

रात्री ९.३०

कॅज्युअल्टी. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचं काम बघणं, धरणं, पळणं. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, लॅबला नेणं, एक्स-रेला स्ट्रेचरसोबत जाणं. टाके घालायला मिळाले तर तो दिवस भाग्याचा. मामा लोक स्ट्रेचर वळवण्यात इतके तरबेज असतात की अरुंद दारातून जाताना रुग्णाचं बोटसुद्धा चौकटीला लागत नाही.

बाइकवरून पडलेला एक. दारू प्यायलेले दोन, त्यातला एक गाणारा. छातीत दुखतंय म्हणून आलेले एक काका, ईसीजी साधा निघाला तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या सुनेला जास्त रडू आलं. लोकलमधून पडलेला एक तरुण, डाव्या पायाचं मोडलेलं हाड, खिशात डबा तसाच. बारापर्यंत हेच.

रात्री २.१०

१०८ ची गाडी. मुरबाडच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा दहा वर्षांचा मुलगा, सोबत बाप. मुलगा जमिनीवर झोपला होता. दहाच्या सुमाराला पोट दुखतंय म्हणून उठला, ओकला. अंगावर जखम काही नाही. घरच्यांनी ओवा दिला. मग तो म्हणाला, डोळे उघडत नाहीत. तेव्हा बापाने त्याला पाठीवर घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत चालत आणलं, तिथून जीपने ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी ओळखलं, प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू केल्या आणि इकडे पाठवलं.

रेसिडेंट मॅडमनी पापण्या बघितल्या, मान उचलायला सांगितली. उचलता येईना. "मण्यार," त्या म्हणाल्या. नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर जातात, घोणस आणि फुरसं रक्तावर. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेलच असं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि तो पोटदुखीने जागा होतो. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं. म्हणजे घोणस नाही, फुरसं नाही.

मग त्यांनी मला काम दिलं. "दर दहा मिनिटांनी त्याला एका श्वासात आकडे मोजायला लाव आणि लिहून ठेव."

मी त्याच्या उशाशी बसले. "बाळा, मोठा श्वास घे आणि मोज, मध्ये थांबायचं नाही." एक, दोन, तीन. पहिल्यांदा तो अठरापर्यंत गेला. शाळेत पाढे येतात का विचारलं, तर मान हलवायचा प्रयत्न केला आणि हलली नाही. दुसऱ्यांदा पंधरा. बाप खाटेच्या पायथ्याशी उभा होता, मुलगा मोजतोय हे बघून त्याला बरं वाटत होतं. मोजता येतंय म्हणजे शुद्धीत आहे, असा त्याचा हिशेब. तिसऱ्यांदा अकरा, आवाज नाकातून यायला लागलेला. मी आकडा लिहिला आणि मॅडमना हाक मारली.

बापाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. मॅडमनी सांगितलं, सोप्या शब्दांत. विषाने श्वासाचे स्नायू थकताहेत, आपण नळी घालून मशीनने श्वास देऊ, काही दिवस लागतील, मशीन लावलं म्हणजे गेला असं नाही. मण्यारीच्या विषात हे महत्त्वाचं आहे. प्रतिविष नसांना झालेली इजा भरून काढत नाही, ते काम शरीर स्वतः करतं, आपण तोवर श्वास चालू ठेवायचा. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजायचं थांबवू का त्याला आता?"

सात आला तेव्हा नळी घातली.

पहाटे ४.३०

सर्पदंश ही पोलिसांत नोंदवायची केस. चौकीतले हवालदार वही घेऊन आले. नाव, वय, पत्ता. पाड्याचं नाव, गावाचं नाव, पोस्ट, तालुका. बाप सावकाश सांगत होता, हवालदार सावकाश लिहीत होते. घर क्रमांक? नाही. जवळची खूण? चिंच. फोन? त्याच्याकडे नव्हता. आणला असता तरी पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर जावं लागतं.

सकाळी ७.१५

इंटर्न सरांना ओव्हर दिली. आयसीयूतला दहा वर्षांचा मुलगा, मण्यार, व्हेंटिलेटरवर, प्रतिविष पूर्ण, नाडी आणि दाब ठीक, डोळ्यांत थेंब टाकून पापण्या टेपने बंद ठेवायच्या. बापाने काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही, त्याला खाली चहावाला दाखवला आहे, पण तो हलायला तयार नाही. आझमगढचा माणूस, छातीतलं पाणी आज दहाला काढायचं, खोलीतल्या माणसांची यादी केसपेपरमागे लावली आहे.

सरांनी लिहून घेतलं. "मुलाच्या घरच्यांचा नंबर?"

"स्वतःचा नाही. रस्त्यावरच्या किराणा दुकानाचा दिलाय, पण दुकान नऊला उघडतं."

"मग मी सव्वानऊला लावतो," ते म्हणाले आणि मला आठच्या लेक्चरला पिटाळलं.